सरवदाची मिशन आणि बिरसाचे बाण

बिहार रेजिमेंटच्या युद्धघोषणा दोन : 'जय बजरंगबली' आणि 'बिरसा मुंडा की जय'. रांचीच्या पोस्टिंगमध्ये त्या रेजिमेंटचा एक मुंडा हवालदार माझ्याबरोबर होता. गळ्यात क्रॉस, आणि बिरसाचं नाव निघालं की चेहरा खुलायचा. एकदा न राहवून मी विचारलं, "बिरसाच्या माणसांनी तुमच्या चर्चवर बाण सोडले होते ना?" तो हसला. "साब, चर्च भी अपना, बिरसा भी अपना. झगडा तो जमीन का था."

हे उत्तर नीट कळायला मला सरवदाचा इतिहास वाचावा लागला.

सरवदा हे आजच्या खुंटी जिल्ह्यातलं भातशेतीचं गाव. मुंडांची जमिनीची जुनी पद्धत म्हणजे खुंटकट्टी. ज्या कुळाच्या पूर्वजांनी जंगल तोडून शेत काढलं, त्या कुळाची गावावर सामायिक मालकी. कागद कुठेच नाही. पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेली शिळा, म्हणजे ससनदिरी, हाच त्यांचा सातबारा. पुढे जहागीरदार आणि ठेकेदार आले, खंड वाढला, बेठबेगारी सुरू झाली. कचेरीत शिळेची साक्ष कोण मानणार?

1885 मध्ये बेल्जियन जेसुइट फादर कॉन्स्टंट लिव्हेन्स तोरपाला आले. त्यांनी कुळकायदा समजून घेतला आणि रयतेला कोर्टात उभं राहायला मदत केली. हजारो लोक चर्चमध्ये आले. ती श्रद्धा होती की संरक्षणाची गरज? मला वाटतं, दोन्ही. अनेकजण पुढे परतही गेले.

पण मदत करणारा पाद्री गोराच होता, आणि राज्यही गोऱ्यांचंच. बिरसा स्वतः मिशनच्या शाळेत शिकला आणि तिथून बाहेर पडला. 24 डिसेंबर 1899 च्या रात्री, नाताळच्या आदल्या दिवशी, उलगुलानची ठिणगी पडली. सरवदाच्या मिशनवर बाण सुटले. तिथे तेव्हा जर्मन जेसुइट फादर जॉन हॉफमन होते. जानेवारी 1900 मध्ये सैल रकबच्या डोंगरावर इंग्रजी फौजेने गोळीबार केला. 9 जून 1900 रोजी बिरसा रांचीच्या तुरुंगात गेला.

हॉफमन बिरसाचे पाठीराखे नव्हते, विरोधकच होते. तरीही बंड मोडल्यावर त्यांनी ते का झालं याचा शोध घेतला. मुंडारी ते आधीच शिकले होते. गावोगावच्या खुंटकट्टी हक्कांवर लिस्टर या अधिकाऱ्याबरोबर त्यांनी टिपण लिहिलं. 1908 च्या छोटानागपूर टेनन्सी ॲक्टमध्ये खुंटकट्टीला जी मान्यता मिळाली, तिच्यामागे हा अभ्यास होता. आणि त्याहीमागे बिरसाचं बंड होतं. सरकार त्याशिवाय हललंच नसतं.

कायद्याने जमीन वाचते, पण सावकार दारात उभाच असतो. म्हणून हॉफमननी 1909 मध्ये छोटानागपूर कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. जर्मनीतल्या रायफायझेन पद्धतीवर, शेतकऱ्यांनी एकमेकांना जामीन राहायचं. शिवाय धान्य गोळा, म्हणजे सुगीत धान जमा करायचं आणि अडीच्या दिवसांत उचलायचं. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं, हॉफमन शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि 1915 मध्ये त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. जर्मनीत बसून ते मुंडारी ज्ञानकोशाचं काम करत राहिले. 1928 मध्ये ते वारले, कोशाचे खंड त्यानंतर छापून निघाले. आपल्या फादर स्टीफन्सनी मराठीसाठी जे केलं, त्याची आठवण होते.

शेजारच्या गुमला जिल्ह्यातल्या जारी गावचा लान्स नायक अल्बर्ट एक्का हा आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा. फौजेत आला तो बिहार रेजिमेंटमधून. पुढे 14 गार्ड्समधून लढताना डिसेंबर 1971 मध्ये गंगासागरला त्याने प्राण दिले आणि त्याला परमवीरचक्र मिळालं.

अशांत भागात गस्त घालताना आमच्यावरही कधी दगड येतात, कधी गोळ्या. त्यांचा बंदोबस्त करणं आमचं कामच आहे. पण बंदोबस्त झाल्यावर, ते का आले हे त्या माणसांच्या भाषेत विचारायला किती जण थांबतात? सरवदाचं नाव निघालं की मला हा प्रश्न टाळता येत नाही.

जय हिंद.