फसले ते भाकीत; तोटा खराच

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि आभाळ काही कोसळले नाही. सबब बाहेर पडण्याने त्याचे आर्थिक नुकसान झाले ही अर्थतज्ज्ञांची ओरड खोटी होती, असे मत आता आपल्याकडेही ठामपणे मांडले जाते. ते मांडणारे अभ्यासू आहेत. म्हणूनच त्यांचे म्हणणे तपासून घेणे भाग आहे.

आधी त्यांचा पक्ष. जून 2016 च्या सार्वमतापूर्वी ब्रिटिश अर्थखात्याने भाकीत केले होते की, बाहेर पडण्याचा कौल लागताच मंदी येईल आणि सुमारे पाच लाख रोजगार जातील. मंदी आली नाही. 2019 मध्ये बेकारी चार टक्क्यांच्याही खाली होती. संघाला द्यावी लागणारी वर्गणी वाचली. युरोपशी व्यापार आजही शून्य आयातशुल्काने चालतो. शिवाय ऑस्ट्रेलिया, भारत अशा देशांशी स्वतंत्र करार करण्याची मुभा मिळाली. आणि संघात राहिलेल्या जर्मनीची अवस्था तरी कुठे बरी आहे?

भाकीत फसले, हे निर्विवाद. पण ते भाकीत कौलानंतरच्या तत्काळ धक्क्याचे होते. पौंड त्याच रात्री गडगडला, पुढची काही वर्षे खासगी गुंतवणूक अडखळली; मात्र व्यापाराचे नियम तसूभरही बदलले नव्हते. 31 डिसेंबर 2020 पर्यंत ब्रिटन एकल बाजारपेठेत आणि सीमाशुल्क संघात होताच. जी गोष्ट 2021 मध्ये घडली, तिच्या निरुपद्रवीपणाचा पुरावा 2019 च्या आकड्यांत कसा सापडेल?

वर्गणीचे पाहू. आठवड्याला 35 कोटी पौंड हा प्रचाराचा आकडा ढोबळ होता. ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजा केलेली नव्हती. ती रक्कम ब्रिटनबाहेर जातच नव्हती. संघाकडून परत येणारा निधी धरला, तर निव्वळ वर्गणी वर्षाला साधारण नऊ अब्ज पौंडांच्या घरात, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी भरते. बचत खरी आहे, पण लहान आहे.

शून्य शुल्काचा युक्तिवाद अधिक भारदस्त वाटतो. पण शुल्क म्हणजेच अडथळा, असे नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला तरी कोणी पटवून देऊ शकणार नाही. 2010 मध्ये आपली द्राक्षे युरोपात अडकली ती शुल्कामुळे नव्हे, क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे. 2021 पासून ब्रिटिश निर्यातदारही अशाच वेशीवर उभा आहे. माल मूळचा ब्रिटनचा असल्याचा दाखला, मांस आणि दुधासाठी आरोग्य प्रमाणपत्र, सीमेवर तपासणी. कित्येक किनाऱ्यांवरच्या जिवंत शिंपल्यांना तर युरोपचे दार बंदच झाले. मोठ्या कंपन्या हा खर्च पेलतात. छोट्या पेलत नाहीत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी 2024 मध्ये दाखवले की, युरोपला माल पाठवणाऱ्या सुमारे 16,400 ब्रिटिश कंपन्यांनी, म्हणजे अशा कंपन्यांपैकी 14 टक्क्यांनी, तिकडची निर्यात थांबवली. हा तोटा मंदीसारखा एका दिवसात दिसत नाही. तो झिरपतो.

उरले नवे करार. ब्रिटिश सरकारचेच अंदाज घ्या: दीर्घ मुदतीत ऑस्ट्रेलियाच्या करारातून राष्ट्रीय उत्पन्नात 0.08 टक्के भर, न्यूझीलंडच्या 0.03, आणि जुलै 2025 मध्ये सही झालेल्या भारताच्या करारातून 0.13 टक्के. तिन्हींची बेरीज पाव टक्काही होत नाही. उलट बाजूला, ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या स्वायत्त संस्थेच्या अंदाजानुसार बाहेर पडण्यामुळे उत्पादकता दीर्घकाळात चार टक्क्यांनी घटेल. हाही अंदाजच, असा आक्षेप येईल. जरूर घ्या; मग करारांचे लाभही त्याच तराजूत घाला, कारण तेही अंदाजच आहेत. चारचा आकडा निम्म्यावर आणला, तरी पारडे फिरत नाही. कारण उघड आहे. देश सर्वाधिक व्यापार शेजाऱ्याशी करतात. ब्रिटनची चाळीस टक्क्यांहून अधिक निर्यात युरोपीय संघातच जाते. हजारो मैलांवरची बाजारपेठ ती जागा कशी भरून काढणार?

जर्मनी मंदावला, हेही खरे. पण स्वस्त रशियन वायू बंद झाला आणि चीनची मागणी ओसरली, म्हणून तो मंदावला; संघात राहिला म्हणून नव्हे. उलट संघात राहूनच त्याने ब्रिटनपेक्षा कितीतरी अधिक माल चीनला विकला. शेजारी आजारी असला, म्हणजे आपली प्रकृती उत्तम ठरत नाही. ब्रिटनची तुलना करायची ती संघात राहिलेला ब्रिटन आज कुठे असता, याच्याशी.

आपले कायदे आपण करावेत, सीमा आपण राखाव्यात, या इच्छेला मी तुच्छ लेखत नाही. तो राजकीय निर्णय आहे, आणि लोकशाहीत जनतेला किंमत देऊनही तो घेता येतो. त्याचे समर्थन करणाऱ्यांनी मात्र किंमत मोजली असे म्हणावे. किंमत पडलीच नाही, असे म्हणू नये. दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. माझ्या मते आर्थिक निकाल स्पष्ट आहे: ब्रिटनने गमावले ते मोठे, कमावले ते थोडे.