हसणारा कोण, हसवणारा कोण?

उर्दू शिकवताना ‘तंज-ओ-मिजाह’ ही जोडी आम्हाला दरवर्षी समजावून सांगावी लागते. मिजाह म्हणजे निखळ विनोद, तंज म्हणजे हसवता हसवता मारलेला डंख. पण डंख कोण कुणाला मारतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. अमेरिकेतील काळ्या विनोदवीरांचा इतिहास हेच सांगतो.

एकोणिसाव्या शतकात तिथले गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या गुलामांची नक्कल करीत. टी. डी. राइस या नटाने १८३०च्या सुमारास ‘जिम क्रो’ हे सोंग गाजवले. पुढे वर्णभेदी कायद्यांना तेच नाव चिकटले. विनोदाने कुणाचे काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१३ जानेवारी १९६१ रोजी शिकागोच्या प्लेबॉय क्लबमध्ये डिक ग्रेगरी उभे राहिले. समोर बहुतांशी दक्षिणेकडचे गोरे व्यावसायिक. ग्रेगरींनी वर्णभेदाचीच टर उडवली आणि ते श्रोते हसले. त्याच वर्षी जॅक पार यांच्या टीव्ही कार्यक्रमाचे बोलावणे आले. काळे कलावंत तिथे कला सादर करून निघून जात, गप्पांसाठी त्यांना शेजारी बसवले जात नसे. बसायला मिळणार नसेल तर येणार नाही, असे ग्रेगरींनी कळवले. अखेर ते बसले. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवासही भोगला.

रिचर्ड प्रायर काळ्यांना दिली जाणारी शिवी स्वतःच रंगमंचावर उच्चारत. १९७९ मध्ये केनिया पाहून आल्यावर त्यांनी ती कायमची सोडली.

इस्लाम स्वीकारलेले डेव्ह शॅपेल यांनी २००५ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरचा करार सोडला. चित्रीकरणात एका गोऱ्या माणसाचे हसणे त्यांना खटकले होते. हा आपल्याबरोबर हसतो की आपल्याला हसतो? २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर ते बोलले, तेव्हा त्यात विनोद फार थोडा होता.

आमच्या वर्गात एका सावळ्या मुलाला पोरे ‘हब्शी’ म्हणत. तोही हसे. मलिक अंबर हब्शीच होता, हे आम्ही फळ्यावर लिहिले. वर्ग गप्प झाला. त्या मुलाचे हसणेही थांबले, आणि ते हसणे खरे नव्हते हे आम्हाला तेव्हा कळले.