८४ विरुद्ध ८२ : २०१७ मध्ये मुंबईचा महापौर कसा ठरला?

बुलढाणा तालुक्यातल्या देऊळघाटचा मतदार ग्रामपंचायतीला सदस्यांबरोबर सरपंचासाठीही थेट मत देतो. मुंबईच्या मतदाराला मात्र महापौरासाठी मत देता येत नाही. तो फक्त आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडतो, आणि महापौर कोण हे नगरसेवक ठरवतात. या पद्धतीत काय होऊ शकतं, हे २०१७ च्या निवडणुकीत दिसलं.

तेव्हा राज्यात भाजप आणि शिवसेना एकत्र सत्तेत होते. पण २६ जानेवारी २०१७ ला उद्धव ठाकरेंनी स्वबळाची घोषणा केली आणि मुंबईत दोन्ही पक्ष समोरासमोर आले. २१ फेब्रुवारीला मतदान झालं, २३ ला निकाल लागला.

निकाल काय लागला?

एकूण जागा २२७, बहुमताचा आकडा ११४.

- शिवसेना ८४
- भाजप ८२
- काँग्रेस ३१
- राष्ट्रवादी ९
- मनसे ७
- समाजवादी पक्ष ६
- एमआयएम २
- अपक्ष व इतर ६

२०१२ मध्ये भाजपच्या ३१ जागा होत्या, त्या थेट ८२ झाल्या. शिवसेना ७५ वरून ८४ वर गेली. पण बहुमत कुणालाच मिळालं नाही. मग अपक्षांची जुळवाजुळव सुरू झाली आणि काँग्रेस काय करणार याची चर्चा रंगली.

मग तिढा सुटला कसा?

४ मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की भाजप महापौरपद लढवणार नाही. पक्ष पालिकेत विरोधी बाकांवरही बसणार नाही, तर पारदर्शक कारभारासाठी पहारेकऱ्याची भूमिका घेईल, असं सांगण्यात आलं. ८ मार्चला सभागृहात मतदान झालं. शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर यांना १७१ मतं मिळाली, काँग्रेसचे विठ्ठल लोकरे यांना ३१. महिनाभर ज्यांच्याविरोधात प्रचार केला, त्यांच्याच उमेदवाराला भाजपच्या नगरसेवकांनी मत दिलं.

गणित पुढेही बदलत राहिलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये मनसेच्या ७ पैकी ६ नगरसेवकांनी शिवसेनेत प्रवेश केला. मतदारांनी दिलेला आकडा सभागृहात बदलला, आणि त्यासाठी मतदारांना पुन्हा विचारावं लागलं नाही.

मग थेट निवडणूक का नाही?

महापौराचा कार्यकाळ अडीच वर्षांचा. तो सभागृहाचं कामकाज चालवतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून मिरवतो. पण प्रशासनाचा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हातात असतो. थेट निवडून आलेला महापौर एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं तर कामं अडतात, हा थेट निवडणुकीवरचा नेहमीचा आक्षेप.

गावांच्या आणि छोट्या शहरांच्या बाबतीत राज्याने हा प्रयोग अनेकदा केला आणि अनेकदा मोडला. नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ मध्ये आली, सरपंचाची २०१७ मध्ये. २०२० मध्ये दोन्ही रद्द झाल्या आणि २०२२ मध्ये परत आल्या. सरकार बदललं की नियम बदलला.

त्यामुळे सरपंच थेट निवडायचा हक्क देऊळघाटच्या मतदाराला आज आहे. तो टिकेल की नाही, हे मात्र विधिमंडळातल्या बहुमतावर ठरतं.