स्टेम सेल दान : कोल्हापूरहून खारघरला जाणाऱ्या दात्यासाठी

भावाला किंवा बहिणीला रक्ताचा कॅन्सर झाला, तुमची एचएलए तपासणी जुळली आणि आता दाता म्हणून तुम्हाला मुंबईकडे जायचं आहे. सख्ख्या भावंडांत अशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता प्रत्येकी फक्त 25 टक्के असते. दोघांचा रक्तगट वेगळा असला तरी बहुतेक वेळा अडत नाही.

भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. आता त्यांचा प्रत्यारोपण विभाग नवी मुंबईत, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे. कोल्हापूरचे अनेक जण सवयीने थेट परळ गाठतात, म्हणून अपॉइंटमेंटच्या कागदावरचा पत्ता आधी वाचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलात तर ठाण्याला उतरून पनवेल लोकल पकडा. एक्स्प्रेसवेने जाणारी बस असेल तर कळंबोली-खारघरला थांबते का, हे तिकीट काढतानाच विचारा.

नकार देण्याची वेळ

दान करण्याआधी तुमची संपूर्ण तपासणी होते: एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, स्त्रियांची गर्भधारणा चाचणी. याच भेटीत मनातल्या सगळ्या शंका विचारा. दान करायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क फक्त तुमचा आहे. लग्न झालेल्या बहिणीवर माहेरून "तूच वाचव" आणि सासरहून "पुढे मूल होईल ना?" असा दोन्हीकडून ताण येतो. (या दानाने मूल होण्याची क्षमता जात नाही.) अशा वेळी डॉक्टरांशी एकटीनेच बोलावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तशी मागणी करायला संकोच नको.

कारण यानंतर एक टप्पा असा येतो, जिथून मागे फिरणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. प्रत्यारोपणाच्या काही दिवस आधी रुग्णाला जोरदार केमोथेरपी देऊन त्याचा स्वतःचा अस्थिमज्जा रिकामा केला जातो. त्यानंतर तुमच्या पेशी मिळाल्या नाहीत तर त्याच्या शरीरात पुरेसं रक्त तयार होत नाही. केमो कोणत्या तारखेला सुरू होणार ते विचारून घ्या. 'नाही' म्हणायचं असेल तर त्या तारखेच्या आधी म्हणा.

मुक्काम

बहुतेक दात्यांना जी-सीएसएफची इंजेक्शनं चार-पाच दिवस, रोज एकाच वेळी, त्वचेखाली दिली जातात. त्यामुळे मूळ पेशी रक्तात उतरतात आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास त्या गोळा करतात. आधीची तपासणी वेगळी धरा. या फेरीला साधारण आठ-दहा दिवस लागतील. गोठ्यात जनावरं असतील तर धारेची आणि डेअरीला दूध घालण्याची सोय त्या हिशेबाने लावून निघा.

इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. धर्मशाळेत किंवा लॉजवर फ्रीज नसेल तर खोलीवर न नेता रोज रुग्णालयातच घ्या. खोली चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली तर उत्तम. राहण्याच्या सोयीसाठी तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करा. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वे भाड्यात सवलत असते. तिसरे म्हणून गेलात तर तुमचं तिकीट पूर्ण भाड्याचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकू लागतं, डोकं दुखतं. पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयब्रुफेन किंवा मेडिकलवाल्याने दिलेली 'अंगदुखीची गोळी' डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात तीव्र वेदना झाली तर रात्र असली तरी लगेच रुग्णालयात जा. क्वचित प्लीहेला इजा होऊ शकते, आणि ती अंगावर काढण्याची गोष्ट नाही.

या दिवसांत ताप, जुलाब, डेंग्यू यांतलं काहीही झालं तर दान लांबू शकतं, आणि तोवर रुग्णाची केमो सुरू झालेली असते. उकळलेलं किंवा बाटलीबंद पाणी, ताजं गरम जेवण आणि डासांपासून बचाव एवढं कटाक्षाने पाळा. मिसळीची तलफ परतल्यावर भागवा.

दानाचा दिवस

हा साधारण तीन ते पाच तासांचा कार्यक्रम असतो. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. शिरा बारीक असतील तर मानेत किंवा जांघेत नळी घालतात. हे आधीच विचारून ठेवा. नाश्ता करून, सैल बाह्यांचा शर्ट घालून आणि बाथरूमला जाऊन बसा, कारण मध्ये उठता येत नाही. ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या द्रवामुळे कॅल्शियम कमी होतं आणि ते देऊन हा त्रास थांबवता येतो. पेशी कमी पडल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं, म्हणून परतीचं तिकीट लगेचचं काढू नका.

प्लेटलेट काही दिवस कमी राहतात. आठवडाभर जड ओझं आणि मार लागेल असं काम टाळा. दात्यांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही.

रुग्ण तिथेच काही आठवडे राहील, तुम्ही घरी याल. पुढे कधी त्याला तुमच्या लिम्फोसाइट पेशी लागू शकतात, त्यामुळे मोबाइल नंबर बदललात तर प्रत्यारोपण विभागाला कळवा.