शनिवारच्या मराठी चित्रपटापासून प्रवाही प्रसारणापर्यंत

मराठी घरांत जुना चित्रपट पाहण्याची सवय रसिकांच्या मागणीतून निर्माण झाली, असे म्हणण्यापेक्षा ती चित्रपट-व्यवसायाच्या नाखुशीतून घडली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले आणि शनिवारी मराठी व रविवारी हिंदी चित्रपट दाखवण्याची प्रथा रूढ झाली. परंतु घरबसल्या फुकट दिसणारा चित्रपट चित्रपटगृहातील तिकीटविक्री बुडवील, या भीतीने निर्माते आणि वितरक नवा चित्रपट सहसा देत नसत, ज्याची कमाई आटोपली आहे असाच देत. त्यामुळे शेजाऱ्यांच्या बैठकीत सतरंजीवर दाटीवाटीने बसून, मध्येच लागणाऱ्या बातम्या सोसून चित्रपट पाहणाऱ्या मुलांच्या वाट्याला त्यांच्या आजी-आजोबांच्या तरुणपणाचे नटनट्या आले. एका पिढीची अभिजात चित्रपटांची जाण अशी उरलेल्या मालावर पोसली गेली, आणि ती वाईट पोसली गेली असे मात्र म्हणता येत नाही.

त्याआधीही घरात चित्रपट दाखवण्याची साधने होती. १९२२ साली फ्रान्समध्ये निघालेला ‘पाथे बेबी’ हा साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चालणारा लहान प्रक्षेपक त्यांपैकीच एक. पण ती सधनांची हौस होती आणि तिचा येथील सामान्य घरांशी संबंध आला नाही.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट पसरली आणि निवडीचा अधिकार प्रथमच प्रेक्षकाकडे गेला. त्याने तो बहुतांशी नव्या चित्रपटांसाठी वापरला. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका वाढला की १९८४ साली स्वामित्वहक्काच्या, म्हणजे कृतीची प्रत काढण्याच्या व ती दाखवण्याच्या हक्काच्या, कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक करावी लागली. या काळाचा धागा आजपर्यंत आणून सोडणारी संस्था म्हणजे मुंबईची ‘शेमारू’: १९६२ मध्ये पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून सुरू झालेला हा व्यवसाय १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागला, पुढे चित्रपटांचे हक्कच विकत घेऊ लागला आणि आता तेच चित्रपट यूट्यूबवर जाहिरातींच्या आधारे फुकट दाखवतो. जुन्या चित्रपटाचे मोल टिकवून धरण्यात समीक्षकांपेक्षा अशा हक्कधारकांचा वाटा मोठा आहे, हे रसिकांना रुचले नाही तरी मान्य करावे लागते.

परंतु हक्क असून भागत नाही, प्रत असावी लागते. आणि येथे हा इतिहास पुण्याकडे वळतो. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी पन्नाशीच्या दशकात बंद पडली. तिच्याच जागेत १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी जन्मभर रिळे गोळा केली. दादासाहेब फाळके यांच्या कामाचे जे अवशेष आज पाहता येतात, त्यांचे श्रेय मुख्यतः नायर यांनाच जाते. त्यांना सतत झगडावे लागले ते फितीच्या रसायनाशी. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ आपोआप कुजतो, सहज पेट घेतो आणि ज्वलनाला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवत असल्याने विझवणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय फितीवरील लेपात चांदी असल्यामुळे कित्येक रिळे ती चांदी काढण्यासाठीच वितळवली गेली. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. ८ जानेवारी २००३ रोजी चित्रपट संस्थेच्या आवारातील नायट्रेटच्या कोठाराला लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांचे मूळ साहित्यही जळाले. नंतरच्या काळात काढलेल्या सुरक्षित फितीवरील प्रती होत्या म्हणून ते चित्रपट वाचले, पण मूळ छायाचित्रणातील छायाप्रकाशाची सूक्ष्मता त्या प्रतींत पूर्णपणे उतरलेली नसते.

गेल्या दशकात प्रवाही प्रसारण, म्हणजे चित्रपट उतरवून न घेता इंटरनेटवरून येईल तसतसा पाहण्याची पद्धत, घरोघरी पोहोचली. हॉटस्टार २०१५ मध्ये आले, नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ २०१६ मध्ये भारतात दाखल झाले. या सेवा चित्रपट बहुधा ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतात, त्यामुळे आज दिसणारा चित्रपट पुढच्या वर्षी सूचीत असेलच असे नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क ६० वर्षे टिकतो (१९९२ पर्यंत ही मुदत ५० वर्षे होती) आणि त्यानंतर कोणालाही तो दाखवता येतो. ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा ‘कुंकू’ (१९३७) आता सर्वांचे आहेत, आणि नेमकी तीच अडचण आहे. दोन तासांच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशेबाने पावणेदोन लाखांच्या आसपास चौकटी असतात. त्या एकेक तपासून ओरखडे काढण्याचा खर्च जो करील, त्याच्या प्रतीची नक्कल दुसरा लगेच करू शकतो. म्हणून खासगी भांडवल तिकडे फिरकत नाही आणि यूट्यूबवर एकाच चित्रपटाच्या अनेक धूसर प्रती फिरत राहतात, त्यांतल्या काही तर आजच्या रुंद पडद्यासाठी ताणलेल्या, म्हणजे माणसे अकारण लठ्ठ दिसणाऱ्या. ‘कुंकू’चे नुकसान त्याहून मोठे आहे. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत मुद्दाम वगळून घड्याळाच्या टोल्यांपासून घरातल्या बारीकसारीक आवाजांपर्यंत सगळ्यांना कथेत कामाला लावले. खरखरत्या प्रतीत हे आवाज खरखरीतच विरतात, आणि दिग्दर्शकाची सर्वांत धाडसी कल्पना प्रेक्षकाला निव्वळ तांत्रिक दोष वाटू शकते.

हा खर्च अखेर सरकारी तिजोरीवर पडला. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली जुन्या चित्रपटांचे डिजिटल रूपांतर व दुरुस्ती पुण्यात हाती घेण्यात आली, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ ही स्वतःची प्रवाही सेवा सुरू केली. शनिवार-रविवारचे चित्रपट दाखवणारे दूरदर्शन याच प्रसार भारतीचे अंग आहे. पुण्यात दुरुस्त झालेल्या प्रती आणि ही नवी सेवा यांची सांगड घालणे आता एकाच शासनाच्या हातात आहे.