विठोबाचा माग काढणारा माणूस : डॉ. रा. चिं. ढेरे



या अंकात आपल्या दिंडीचे विणेकरी, चोपदार, मृदंगी, टाळकरी यांच्या आठवणी आहेत. त्यांच्या पंगतीला मी एका लिहिणाऱ्या माणसाला बसवतोय. हा माणूस आपल्या दिंडीत कधी चालला नाही, नारायणगडाच्या पायथ्याशी त्याची आपली ओळख नाही. पण त्याच्या पुस्तकावरून आपल्या मुक्कामावर एकदा असं भांडण झालं की थोरले माळकरी ताटावरून उठले.

झालं असं. जेवणं चालली होती. कॉलेजात शिकणारा एक पोरगा बोलून गेला, “बाबा, विठ्ठल मूळचा गवळ्या-धनगरांचा देव, असं ढेऱ्यांनी लिहिलंय. आणि जुनी मूर्ती माढ्याला आहे म्हणे.” मग काय विचारता! “आमच्या बापजाद्यांनी पायी वारी केली ती काय चुकीच्या देवाची?” बाबांचा आवाज कापत होता. पोरगं रडकुंडीला आलं. मी दोघांनाही काही सांगू शकलो नाही, कारण मीच ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. परत आल्यावर मिळवलं आणि वाचलं. सोपं नाही, मला चार महिने लागले.

रामचंद्र चिंतामण ढेरे यांचा जन्म 21 जुलै 1930 रोजी मावळातल्या निगडे गावी झाला. आईबाप लहानपणीच गेले. पुण्यात येऊन रात्रशाळेत शिकले, लिहून-वाचून पोट भरलं. पुढं डॉक्टर झाले, पण विद्यापीठाच्या खुर्चीत बसून नव्हे, घरातल्या पुस्तकांच्या ढिगात बसून त्यांनी जन्मभर काम केलं. शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली, तीही मराठीत, तुमच्या-माझ्या देवांवर. खंडोबा, दत्त, तुळजाभवानी, शिखर शिंगणापूरचा महादेव. नाथ संप्रदायाचा इतिहासही लिहिला. गहिनीनाथगड ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला तो वाचताना आपल्याच शिवाराची गोष्ट वाटते.

‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे पुस्तक 1984 चं. 1987 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढं अॅन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो 2011 मध्ये निघाला. ढेऱ्यांची रीत अशी की संस्कृत माहात्म्य, शिलालेख, संतांचे अभंग आणि धनगरांच्या तोंडच्या कथा हे सगळं एकाच चटईवर मांडायचं. पोथीला मान आणि मेंढपाळाला नाही, असला भेद नाही. कोल्हापूरकडं पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव जोडीनं पुजले जातात. पंढरीला गोपाळपूर आहे, गोपाळकाला आहे. रखुमाई रुसून दिंडीरवनात बसली, म्हणून तिचं देऊळ वेगळं, ही कथा तर आपण कीर्तनात ऐकतोच. ढेरे या खुणा जोडत जातात आणि म्हणतात, गाई-मेंढरं राखणाऱ्यांचा हा देव पुढं वैष्णवांचा झाला, शैवांनाही आपला वाटला, कानडी मुलखालाही आणि मराठी मुलखालाही. महासमन्वय म्हणायचं ते यालाच. मला विचाराल तर यात देवाचं काही कमी होत नाही. रानातल्या माणसासाठी तो आधीपासून उभा होता, एवढंच कळतं.

माढ्याचं प्रकरण जास्त नाजूक. 1659 साली अफझलखान चालून आला. त्या संकटात मूर्ती माढ्याला हलवली, आणि मूळ मूर्ती तिथलीच, असं ढेऱ्यांचं मत. आधार काय, तर जुन्या संस्कृत माहात्म्यात विठ्ठलाच्या छातीवर मंत्राची अक्षरं असल्याचं सांगितलंय. तशी अक्षरं माढ्याच्या मूर्तीवर कोरलेली आहेत, पंढरपूरच्या मूर्तीवर नाहीत. यावर मोठा वाद झाला. सगळ्या अभ्यासकांना हे पटलं असंही नाही. मला स्वतःला पुरावा वजनदार वाटतो. पण संकटात देव हलवणाऱ्यांनी त्याच जागी पुन्हा मूर्ती उभी केली असेल, तर तीही काही कमी भक्ती नव्हे. शेकडो वर्षं लाखो कपाळं तिच्या पायाला लागलीत. ती गोष्ट शिलालेखात सापडायची नाही.

ढेरे 1 जुलै 2016 ला पुण्यात गेले. आषाढी चौदा दिवसांवर होती, पालख्या वाटेवर होत्या.

पुस्तक वाचून झाल्यावर मी बाबांकडं गेलो. ते निरक्षर. दोन-तीन रात्री बसून जमेल तसं सांगितलं. धनगरांचा भाग त्यांना आवडला. म्हणाले, “माझी आजी मेंढरामागं फिरलेली. हे कुणी आधी सांगितलं असतं तर?” माढ्याचं ऐकून मात्र गप्प बसले.

त्या कार्तिकीला बाबा नेहमीसारखे पंढरपुरात दर्शनबारीत उभे राहिले, सबंध रात्र. परतीच्या वाटेवर कुर्डुवाडी जवळ आली तशी त्यांनी जीपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “माढ्याला घे रे. त्या पोराला पुढं बसव, त्याला ती अक्षरं दाखवू दे मला.”