रखुमाईचं नाव

दिंडीत पाय टाकला की तोंडात येतं ते विठोबा-रखुमाई. विठोबावर आम्ही कीर्तनात दोन-दोन तास बोलतो, रखुमाईच्या नावावर कोणी बोलत नाही, म्हणून हे चार शब्द.

रुक्म म्हणजे सोनं, त्यावरून रुक्मिणी. विदर्भाच्या भीष्मक राजाची लेक, भाऊ रुक्मी. माहेर कौंडिण्यपूर, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी. तिथून आषाढीला अजून पालखी पंढरीला जाते. म्हणजे आपल्या हिंगोलीकरांना ती शेजारचीच लेक.

घराघरात आलं तसं नाव बदलत गेलं. माउलींची आई रुक्मिणी. तुकोबारायांची थोरली बायको रखमाबाई, ती दुष्काळात उपाशी गेली. बाप्यांनीसुद्धा हे नाव घेतलं, रखमाजी म्हणून! मुंबईच्या एका रखमाबाईंचं लग्न लहानपणीच लावलेलं. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम १८८७ साली कोर्टानं दिला. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन पण जाणार नाही. पुढं विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. हे आपल्या लेकीबाळींना सांगत जा.

आता अडचण कागदाची. आमच्या गावच्या एका आजीचं आधारवर रुख्मीन, बँकेत रखमाबाई, सातबाऱ्यावर रुक्मिणीबाई. दिंडीच्या वहीत तर नुसती रखमा. तिन्ही कागदांवरली बाई एकच, हे पटवून देईपर्यंत निराधारचा चार महिन्यांचा पगार अडकला. साहेबानं विचारलं, खरं नाव कोणतं? आजी म्हणाली, "बाप रखमे म्हणायचा, सासरी रुख्मीन म्हणतेत. मी दोन्हीला ओ देते."